सुलटी बाजू कुठली, वहिनी?

वहिनी, काल तुझ्या कापडावरून उत्तनच्या बायका भांडल्या! लुटुपुटूचं नाही, चांगल्या पदर खोचून, हात नाचवून भांडल्या. आणि एरवी प्रदर्शनात कुणी मोठ्याने बोललं तरी डोळे वटारणारी तुझी नणंद त्या भांडणाच्या मधोमध उभी राहून सगळ्यांपेक्षा मोठ्याने बोलत होती. आज सकाळी हे सगळं तुला सांगायला हात मोबाइलकडे गेलासुद्धा. मग चहा ठेवला आणि लिहायला बसले. तू गेलीस म्हणून काय झालं, माझं ऐकून घेतल्याशिवाय तुझी सुटका नाही.

तर, प्रदर्शन झालं. तुला हवं होतं तिथे झालं, मला हवं होतं तिथे नाही. आपण पाच जण: माझी रंगवलेली चित्रं, फरहानचे फोटो, जिग्नाबेनचं मातीकाम, ग्लेनचा व्हिडिओ आणि तुझं सुईदोऱ्याचं काम. मी मीरा रोडला एसी हॉल बघून ठेवला होता. पांढऱ्या भिंती, वरून दिवे, बाहेर चपला काढायला जागा, सगळं कसं नीटनेटकं. आणि तुझं एकच टुमणं, उत्तनला ग्लेनच्या मावशीच्या वलांडीवर लावायचं. जिथे बांबूंना आडव्या दोऱ्या बांधून बोंबील लटकवतात, जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून, तिथे म्हणे आपली कला! मी फोनवर किंचाळले होते, "आपली चित्रं काय बोंबील आहेत का, सुकत घालायला?" तू शांतपणे म्हणालीस, "बोंबलांना निदान गिऱ्हाईक असतं, वन्सं."

वन्सं! अख्ख्या पेणकरपाड्यात नणंदेला वन्सं म्हणणारी तू एकटीच उरली असशील. माझ्यापेक्षा वयाने मोठी, विमा कंपनीत साऱ्या शाखेला धाकात ठेवणारी बाई, आणि मला वन्सं म्हणायचीस ते निव्वळ चिडवायला. एरवी मी नीलू. वाद जिंकत आलीस की मी वन्सं.

हा वाद मात्र अर्धाच राहिला. एका सकाळी तू उठलीच नाहीस. दादा हाक मारमारून थकला. डॉक्टर म्हणाले झोपेतच गेल्या, आणि जमलेल्या बायका म्हणायला लागल्या, पुण्यवान हो, त्रास नाही, काही नाही. मला असा राग आला! पुण्यवान कसली, वाद अर्धा टाकून जाणारी बाई? अजूनही राग आहे. पण तेराव्यानंतर मीच हॉलवाल्याला फोन केला आणि सांगितलं, आम्हाला नको. का सांगितलं ते मला तेव्हा कळत नव्हतं. तुझं ऐकायचं एवढं एकच काम माझ्या हातात उरलं होतं बहुधा.

आता खरी गोष्ट सांगते. त्या सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं आणि तुझं कापड गॅलरीतल्या दोरीवर होतं. आईचं जुनं लुगडं, जे तू आई गेल्यापासून भरत होतीस, ते आदल्या संध्याकाळी तूच धुऊन वाळत घातलं होतंस. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी गॅलरीत गेले, ते ओढून काढलं, पोटाशी धरलं आणि कसंतरी गुंडाळून कपाटात कोंबलं. पुढे आठवडाभराने माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे कपडा उलटा करून वाळत घालतात, सुलटी बाजू आत, म्हणजे उन्हाने रंग उडत नाही. तू तर पायपुसणंसुद्धा उलटं करून वाळत घालायचीस. म्हणजे त्या सकाळी दोरीवर जी बाजू आत होती ती सुलटी. इतकं सोपं होतं आणि मी बघितलंच नव्हतं.

तू म्हणशील, त्यात काय, तुला डोळे नाहीत का, कुठली सुलटी कुठली उलटी ते कळत नाही? नाही कळत! तुझ्या बाकीच्या कामांचं कळायचं. हे नऊवार तू काय करून ठेवलंस ते तुझं तुलाच माहीत. एका बाजूला आपलं सगळं गाव: इमारतीच्या इमारती, साखळी टाक्यातल्या खिडक्या, गच्चीवरच्या टाक्या, खाडी, खाडीतल्या होड्या. आणि दुसऱ्या बाजूला गाठी, लोंबते दोरे, आणि त्या जंजाळात ठिकठिकाणी नीट भरलेल्या बारक्या वस्तू: चहाचा कप, चपला, घडी घातलेला पेपर, चष्मा, आणि चक्क डास मारायची रॅकेट. तीसुद्धा जाळीसकट.

माझ्या घरी फरशीवर पसरलं आम्ही ते. फरहान म्हणाला, "टीचर, इमारतींची बाजू पुढे. पहले शहर दिखना चाहिए ना." जिग्नाबेन कमरेवर हात ठेवून उभी. "अरे, बाहेरून तर बिल्डर पण बघतो. अंदरवाली बाजूच खरी आहे. घर आतूनच असतं ना, नीलूबेन?" ग्लेन म्हणाला, मला दोन्ही आवडतात, आणि दोघांचीही बोलणी खाल्ली. तुझं शेवटचं काम होतं ते. ते लोकांपुढे उलटं लावलं गेलं तर? तू विचारायला नाहीस आणि ओरडायलाही नाहीस. एवढ्या एका गोष्टीने माझी झोप उडाली होती, वहिनी. बाकी काहीही चुकलं असतं तरी चाललं असतं.

दादाला विचारावं हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. त्याचं आणि आपल्या कलेचं नातं मला माहीत होतं: तू समोर खुर्चीत बसून भरत असायचीस आणि तो दिवाणावर पाय पसरून टीव्ही बघत असायचा. आपल्या एकाही प्रदर्शनाला तो फिरकला नव्हता. "तुमचं ते चालू द्या," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

शेवटी मी माझ्या मतावर गेले. म्हणजे आईच्या. आठवतं ना, तू नवी नवरी म्हणून आलीस तेव्हा तुझ्या रुखवतातला ट्रेक्लॉथ आईने हातात घेतला, उलटा केला, मागच्या गाठी बघितल्या आणि नुसतं "हूं" म्हणाली. भरतकाम बघावं तर उलटं करून बघावं, हा तिचा नियम. मागची बाजू पुढच्यासारखी दिसली पाहिजे. त्या एका 'हूं'चं तू जन्मभर भांडवल केलंस. प्रत्येक संक्रांतीला, प्रत्येक हळदीकुंकवाला तो 'हूं' तू आईसमोरच करून दाखवायचीस आणि आई पदरात तोंड लपवून हसायची. मी मात्र नेहमी तिच्या बाजूने. तू मला विचारायचीस, "मागची बाजू पुढच्यासारखीच असेल, तर मग मागची बाजू कशाला ठेवायची?" ह्यावर मी विषय बदलायचे. तर, मी ठरवलं, इमारती पुढे. गाठी आत. तुझ्या सासूचं लुगडं आहे, तिचा मान राहू दे.

आता कालचं ऐक!

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा मावशीच्या वलांडीच्या अर्ध्या ओळींवर बोंबील होते आणि अर्ध्या आपल्यासाठी मोकळ्या. वास तर असा की जिग्नाबेनने आल्याआल्या नाकाला ओढणी लावली. दुपारपर्यंत ती ओढणी कुठे गेली ते तिलाही कळलं नाही, आणि त्या जैन बाईने बोंबलांच्या शेजारी बसून ठेपले खाल्ले! तिने मातीच्या छोट्या छोट्या पाण्याच्या टाक्या केल्यात, त्या तिने वाळूतच मांडल्या. एका टाकीत एक मांजर जाऊन झोपलं आणि तीच टाकी सगळ्यात जास्त बघितली गेली. फरहानने गच्च्यांचे फोटो कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीला लावले. वाऱ्याने ते असे फडफडायला लागले की गच्चीवर वाळत घातलेले कपडे खरेच हलतायत असं वाटावं. ग्लेनच्या व्हिडिओची मला काळजी होती, एवढ्या उन्हात पडद्यावर दिसणार काय? त्याने मासळीच्या बर्फाची एक मोठी रिकामी पेटी आडवी केली, आत टीव्ही ठेवला, वर गोणपाट टाकलं. बघायचं तर गुडघ्यावर बसून डोकं आत घालायचं. दिवसभर त्या पेटीतून कुणाची ना कुणाची पाठ बाहेर दिसत होती. मी इतकी हसले ना!

उद्घाटनाला मी घरून समई नेली होती. तू असतीस तर नेऊ दिली नसतीस. समई लावली की वारा विझवायचा, परत लावली की परत. शेवटी मार्था मावशी, म्हणजे ग्लेनची मावशी, म्हणाली, "र्‍हाऊ दे गो बाय. ऊन हाय ना एवरा, आनी दिवा कसाला?" झालं उद्घाटन.

आणि तुझं कापड. सगळ्यात लांब दोरी त्याला दिली. नऊवार उलगडत गेलं, वारा त्यात शिरला आणि ते पोट फुगवून उभं राहिलं. मी दोन पावलं मागे सरले आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं बाई!" तू म्हणायचीस, "हॉलमध्ये वारा नाही, वन्सं, कापडाला वारा लागतो." मी म्हणायचे, वारा नाही म्हणूनच तर हॉल. आता कबूल करते, आणि एकदाच करणार आहे, तेव्हा नीट ऐकून घे: तुझं बरोबर होतं.

मी शेजारी पाटी लावली होती, 'कृपया हात लावू नये'. ही पाटी बघून तू काय केलं असतंस ते मला माहीत आहे. मार्था मावशीने पाटी वाचलीच नाही. ऊन वर आलं तशी ती बोंबील परतायला आली, ओळीने परतत परतत तुझ्या कापडापाशी पोचली आणि थबकली. "कोनी लावलाय ह्यो? सुलटी बाजू उनात! रंग उरून जाईल ना!" आणि मी धावत जाईपर्यंत तिने ते दोरीवरून काढून उलटवून परत घातलंसुद्धा. इमारती आत, कप-चपला बाहेर.

तेवढ्यात शेजारच्या वलांडीवरून हिराबाय आली. तिने डोळे बारीक करून बघितलं. "अगो मार्था, येरी का खुली? हीच तं सुलटी हाय. चाय हाय, चपला हायत. घर कोन उनात टाकतं गो?" आणि तिने परत फिरवलं. कप-चपला आत, इमारती बाहेर.

कळलं का तुला, वहिनी, काय गंमत झाली ती? जिला जी बाजू सुलटी वाटायची, ती तिलाच आत लपवायची! मी ओरडले, "अहो मावशी, प्रदर्शन आहे हे, सुलटी बाजू बाहेर ठेवायची असते, लोकांना दिसायला!" मार्था मावशीने माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतल्या माझ्याच मुलींची आठवण झाली. "मंग उनात कसाला लावलंस?"

मग सगळेच आले. बोंबील सोडून बायका आल्या, चर्चमधून परतणारी माणसं थांबली, समुद्रावर फिरायला आलेल्या मीरा रोडच्या दोन-चार कुटुंबांनी गाड्या बाजूला लावल्या. कुणी म्हणे ही सुलटी, कुणी म्हणे ती. फरहान इमारतींच्या बाजूने, जिग्नाबेन "घर, घर" करत हिराबायच्या गोटात. प्रत्येक जण आपलं खरं करायला कापड उलटवून दाखवायचा. तुझ्या कामाला काल जितके हात लागले तितके आपल्या कुठल्याच कामाला आजवर लागले नाहीत. मी आधी हात आवरायला धावत होते, मग माझ्या लक्षात आलं की मीही उलटवतेय. एवढ्या वर्षांत आपण एवढी प्रदर्शनं केली. लोक यायचे, छान छान म्हणायचे, चहा प्यायचे आणि जायचे. भांडलं कधी कुणी? काल भांडले! मला तू शेजारी हवी होतीस. कोपराने ढोसायला हवी होतीस. तेवढी एक जागा सोडली तर मी काल पूर्ण सुखात होते.

उन्हं उतरायला लागली आणि दादा आला.

बसने आला होता, हातात पिशवी, पिशवीत आमच्यासाठी खिचडीचा डबा. त्याने केलेली खिचडी, म्हणजे तुला कल्पना आहेच. मला वाटलं डबा देईल आणि "तुमचं चालू द्या" म्हणून निघेल. तो गर्दीतून कापडाजवळ गेला. त्या वेळी कप-चपलांची बाजू बाहेर होती. त्याने खिशातून चष्मा काढून लावला आणि कापडावरच्या चष्म्यावर बोट ठेवलं.

"हा माझा आहे. दांडी तुटलेली तेव्हाचा."

आम्ही सगळ्यांनी वाकून बघितलं. खरंच, एका दांडीला काळा दोरा गुंडाळलेला होता. इतके दिवस मी तो चुकलेला टाका समजत होते.

"ही रॅकेट. ह्या चपला तर फेकल्यासुद्धा," दादा बोटाने एकेक दाखवत पुढे सरकत होता. मी विचारलं, "दादा, तुला कसं माहीत?" तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अगं, मला हेच तर दिसायचं रोज. ती भरतकामाची रिंग उभी धरायची, तिची बाजू तिच्याकडे, मागची माझ्याकडे. एकदा मी म्हटलं, माझ्या बाजूने नुसत्या गाठी दिसतात. दुसऱ्या दिवसापासून विचारायला लागली, आज काय काढू तुमच्यासाठी?"

"आणि तू काय सांगायचास?"

"मला काय सुचतंय? समोर जे असेल ते. चहा असला तर चहा."

म्हणजे तो टीव्ही बघत नव्हता, वहिनी. आणि तू मला एका अक्षराने कधी बोलली नाहीस. तासन्‌तास फोनवर माझ्याशी भांडायचीस, हे मात्र पोटात ठेवलंस. मला हेवा वाटला, खरं सांगते. आणि मग मी रडले, अगदी सगळ्यांसमोर, आवाज काढून. हिराबायने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मार्था मावशीकडे बघून म्हणाली, "बोलले व्हते ना मी, घर हाय." मार्था मावशी म्हणाली, "तिचा नवरा हाय तो, तो तसाच बोलेल." म्हणजे भांडण अजून मिटलेलं नाही. पुढच्या रविवारी परत लावा म्हणतायत दोघी, तेव्हा मिटवू.

बाकीच्यांनी आपापलं आवरलं. बोंबील परत टोपल्यांत गेले, मांजराला टाकीतून काढावं लागलं. तुझं कापड आम्ही सगळ्यात शेवटी उतरवलं. दादाने एका बाजूची दोन टोकं धरली आणि हात लांब करून उभा राहिला. दुसरी दोन मी धरली. लुगड्याची घडी एकट्याने होत नाही, आणि तुमची रोज होत होती हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. तो सवयीने म्हणून गेला, "माझी बाजू आत की तुझी?"

मग त्याला कळलं, समोर कोण आहे ते. तो समुद्राकडे बघायला लागला. मला अचानक सुचलं.

"दादा, शेवटचं वाळत घातलं तेव्हा तू होतास?"

"होतो की. दुसरं टोक मीच धरलं होतं."

"कुठली बाजू आत होती?"

"माझी. तीच म्हणाली, तुमची बाजू आत घेते हं, सकाळचं ऊन थेट येतं गॅलरीत." दादा हे असं म्हणाला, जसं भाजी आणली म्हणावं. आपण काय सांगितलं ते त्याला कळलंच नव्हतं. "का गं? आता कुठली घेऊ?"

वारा कापड ओढत होता. मी टोकं घट्ट धरली.

"तुझीच घे, दादा," मी म्हटलं. "सुलटी आत."